गाडी गेली, नंबर राहिला

कऱ्हाडच्या कोर्टात मी मोटार अपघाताच्या दाव्यांची कामं करतो. बहुतेक वेळा जखमीच्या किंवा मयताच्या घरच्यांच्या बाजूने उभा असतो. गाडीमालकाचं वकीलपत्र माझ्याकडे क्वचितच येतं. काही वर्षांपूर्वी एका दूध सोसायटीचे निवृत्त सचिव समन्स घेऊन आले आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, "वकीलसाहेब, गाडीच न्हाई माझ्याकडं, मग मी कुनाला उडवनार?"

गाडी म्हणजे बजाजची एम-80. कॅन अडकवून गावोगाव दूध गोळा करण्यात तिची हयात गेली होती. इंजिन बसल्यावर त्यांनी ती दारावर आलेल्या भंगारवाल्याला वजनावर दिली. कागदपत्रं त्याने मागितली नाहीत, यांनीही दिली नाहीत. पुढे ती सांगाड्यासकट कुणीतरी उचलली, दुसरं इंजिन बसवलं, आणि उसाच्या फडांमधून डिझेलचे कॅन वाहायला ती पुन्हा धावू लागली. नंबरप्लेट तीच. एका संध्याकाळी भांगलण करून परतणाऱ्या एका बाईला तिने उडवलं. चालवणारा गाडी टाकून पळाला. पोलिसांनी नंबर टाकला, संगणकाने नाव दिलं.

विमा केव्हाचाच संपलेला. नोंदणीची मुदतही संपलेली. पण आरटीओच्या दफ्तरात मालक म्हणून नाव यांचंच, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(30) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंद तो मालक. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हे पुन्हा ठासून सांगितलं. तिथेही गाडी हातोहात विकली गेली होती, पण नोंद बदलली नव्हती. न्यायालयाने भरपाईचा भार नोंदणीकृत मालकावरच टाकला. त्या निकालाशी माझं भांडण नाही. जखमीने पाच खरेदीदारांच्या मागे किती फिरायचं? भरपाई त्या बाईच्या हक्काची होती आणि ती तिला मिळाली. ती आली मात्र सचिवांच्या दोन म्हशी आणि मोडलेल्या ठेवीतून.

कायद्याने त्यांना वाट दिली नव्हती, असंही नाही. 1988 च्या कायद्यातलं कलम 55 सांगतं की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने 14 दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं आणि आरसी बुक परत करायचं. मी हे कलम अनेकांना वाचून दाखवलं आहे. दरवेळी समोरच्याचा चेहरा सारखाच होतो: असंही काही असतं?

जुन्या गाड्या भंगारात काढण्याच्या कायद्यांवर गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहून आलं. बहुतेक सगळं या सचिवांना वळसा घालून गेलं, असं माझं मत आहे. हे कायदे नवी गाडी घेणाऱ्यासाठी लिहिले गेले आहेत. जुनी नुसती सोडून देणाऱ्यासाठी त्यांत फार थोडं आहे, आणि आपल्या तालुक्यांत दुसऱ्या जातीची माणसंच जास्त आहेत.

आधी एक गैरसमज काढून टाकतो, कारण त्यावर इथे धंदा चालतो. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, असं महाराष्ट्रात कुठेही लिहिलेलं नाही. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवायची, फी आणि पर्यावरण कर भरायचा, की पुढची 5 वर्षं मिळतात. गाडी धडधाकट असेल तर पुन्हा 5. सक्ती आहे ती सरकारी गाड्यांना: 1 एप्रिल 2023 पासून केंद्र, राज्य, महापालिका, महामंडळं यांच्या 15 वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. एसटीच्या गाड्याही त्यात आल्या. लष्कर आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्या तेवढ्या वगळल्या. पण मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत हा फरक उरत नाही. 'काका, आता ही चालणार नाही, उद्या पोलीस उचलून नेतील,' असं सांगून चांगली चालती मारुती 800 पडेल भावात उचलणारे दलाल मी पाहिले आहेत. महिन्याभरात तीच मारुती नूतनीकरण होऊन शेजारच्या तालुक्यात फिरत असते.

घबराटीचं मूळ दिल्लीत आहे. तिथे राष्ट्रीय हरित लवादाने 2014 मध्ये 15 वर्षांवरच्या सगळ्या आणि 2015 मध्ये 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. 1 जुलै 2025 ला अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असा आदेश अमलात आला आणि काही दिवसांत गुंडाळला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या वयावरून कारवाई करू नका असं सांगितलं. डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. वय मोजायचं की धूर, हा वाद रास्त आहे. पण तो दिल्लीच्या हवेचा वाद आहे आणि त्याने सगळ्या देशाचं लक्ष खाऊन टाकलं. गाडी केव्हा मरते यावर एवढा खल झाला. मेल्यावर तिचं काय करायचं, हे बाजूलाच राहिलं.

त्याचे नियमही आहेत, आणि कागदावर ते बरे आहेत. भंगार धोरणाची घोषणा 13 ऑगस्ट 2021 ला झाली आणि पुढच्याच महिन्यात वाहन भंगार केंद्रांच्या नोंदणीचे व कामाचे नियम आले. मान्यताप्राप्त केंद्र आरटीओच्या 'वाहन' प्रणालीला जोडलेलं हवं. गाडी घेण्याआधी ती चोरीची नाही ना हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या यादीत तपासायचं. गाडी जमा झाली की मालकाला जमा प्रमाणपत्र, तोडून झाली की भंगार प्रमाणपत्र. चेसी नंबर कोरलेला तुकडा कापून सहा महिने जपून ठेवायचा. या शेवटच्या तरतुदीचं महत्त्व कळायला फौजदारी कोर्टात थोडे दिवस काढावे लागतात. चोरीच्या गाडीला मेलेल्या गाडीचा नंबर आणि कागद चढवणं हा जुना उद्योग आहे. अपघातात चक्काचूर झालेल्या गाडीच्या पत्र्यापेक्षा तिच्या आरसीला जास्त भाव येतो, तो याचमुळे. तुकडा ताब्यात आणि नोंद रद्द, एवढं झालं की त्या उद्योगाचा कच्चा माल आटतो.

म्हणजे केंद्रावर गेलेल्या गाडीचं ठीक होतं. प्रश्न जाण्याचा आहे.

केंद्रावर जाण्याची बक्षिसं पाहा. जमा प्रमाणपत्र दाखवून नवी खासगी गाडी घेतली तर मोटार वाहन करात 25 टक्क्यांपर्यंत, व्यावसायिक गाडीला 15 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्र सरकारने राज्यांना दिली. ऑगस्ट 2024 मध्ये गाड्यांच्या कंपन्यांनी जमा प्रमाणपत्रावर किमतीत सूट द्यायचं मान्य केलं. जाहीर झालेल्या यादीत कार आणि ट्रक-बस बनवणाऱ्या कंपन्या होत्या. प्रमाणपत्र ऑनलाइन दुसऱ्याला विकताही येतं, पण हे माझ्या अशिलांपैकी एकालाही मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. बाकी सगळी बक्षिसं नव्या खरेदीच्या बिलावर मिळतात. वडिलांची स्कूटर वडील गेल्यावर गोठ्यात पडून आहे, घरात दुसरी गाडी आधीच आहे, तिसरी घ्यायची ऐपत किंवा गरज नाही, अशा घराला या धोरणात कुठे जागा आहे?

सुरुवातीची मोजदादच बघा. धोरण आणताना केंद्र सरकारने आकडे दिले होते: 20 वर्षांवरच्या 51 लाख हलक्या मोटारी, 15 वर्षांवरच्या आणखी 34 लाख, आणि फिटनेस नसलेले 15 वर्षांवरचे 17 लाख मध्यम व अवजड ट्रक-बस. दुचाकी या हिशोबात नाहीच. देशात सर्वांत जास्त विकली जाणारी गाडी मोजणीतून सुटली, मग धोरणातून सुटली तर नवल कसलं?

दुचाकीचा हिशोब मी मांडून दाखवतो. स्कूटर असो वा मोटारसायकल, वजन शंभर-सव्वाशे किलो. भंगाराचा भाव रोज हलतो, पण टायर, सीट, प्लॅस्टिक वजा जाता दोन-तीन हजारांच्या वर सहसा काही हाती येत नाही. मान्यताप्राप्त केंद्रं बहुतेक मोठ्या शहरांच्या औद्योगिक पट्ट्यांत. बंद पडलेली स्कूटर तिथे न्यायची तर छोटा हत्ती करावा लागतो आणि त्याचं जाऊन-येऊन भाडं स्कूटरच्या किमतीपेक्षा जास्त होतं. शिवाय केंद्राने गाडी घ्यायची तर नोंदीवर कर्जाचा बोजा नको, थकबाकी नको, गुन्हा नको, काळ्या यादीत नाव नको. यातला बोजा ही गमतीची गोष्ट आहे. वीस वर्षांपूर्वी हप्त्याने घेतलेल्या गाडीचे हप्ते कधीच फिटलेले असतात, पण फॉर्म 35 भरून बोजा उतरवायचं राहून गेलेलं असतं. आता ना-हरकत दाखला आणायला जावं तर ती फायनान्स कंपनीच जागेवर नसते. मालक वारलेला असेल तर आधी फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद. दोन हजारांच्या लोखंडासाठी हे कोण करणार?

आणि नोंदणी संपून वर्षं लोटली असतील तर आणखी एक बागुलबुवा उभा राहतो. दुचाकीच्या नूतनीकरणाची फी 1 एप्रिल 2022 पासून 300 रुपयांची 1,000 झाली. वीस वर्षांवरच्या दुचाकीला 2025 पासून 2,000. तीही चालेल एकवेळ. पण उशिराबद्दल दर महिन्याला 300 रुपये जादा, असं नियमात आहे. सात वर्षं राहून गेलं असेल तर नुसत्या उशिराचे 25,200 रुपये होतात. भंगारात द्यायला नूतनीकरण लागत नाही, ही गोष्ट खरी. पण आकडा एकदा कानावर पडला की माणूस त्या कार्यालयाची पायरी चढत नाही. तो गल्लीतून हाळी देत जाणाऱ्या हातगाडीची वाट बघतो.

त्या हातगाडीच्या मागचा माणूस कायद्याच्या पुस्तकात खलनायक आहे. मला तो तसा वाटत नाही. ओगलेवाडीच्या रस्त्याला एका चाचांचं भंगाराचं दुकान आहे. एका दाव्यात गाडीच्या सुट्या भागांची किंमत काढायची होती, तेव्हापासून माझं तिथे जाणं-येणं आहे. दोन पोरं एक स्कूटर तासाभरात उकलतात. कास्टिंग वेगळं, पत्रा वेगळा, ॲल्युमिनिअम वेगळं, तांब्याची वायर वेगळी. चालण्याजोगा कार्बोरेटर, स्टार्टर, मागचा दिवा फळीवर. हे सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या कुर्ल्यात जातात आणि तिथून पुन्हा कुणाच्या तरी गाडीत बसतात. कास्टिंगचं भंगार कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वितळून परत कुठल्यातरी इंजिनाचा भाग होतं. लोखंड जालन्याच्या भट्ट्यांत जाऊन घराची सळी होतं. पुनर्वापर हा शब्द न उच्चारता ही साखळी पिढ्यानपिढ्या चालू आहे. आणि पैसे रोख, जागेवर, दारात. कुठल्याही मान्यताप्राप्त केंद्राने दिली नाही अशी सेवा आहे ही.

पण त्याच दुकानाच्या मागच्या बाजूची माती काळी आहे. इंजिनातलं जळकं तेल, ब्रेकचं तेल तिथेच सांडतं. बॅटरी फोडून आम्ल ओढ्याकडे आणि शिसं विकायला. शिशाचं विष लहान मुलांच्या मेंदूला काय करतं हे वैद्यकशास्त्राने केव्हाच सांगून ठेवलं आहे, आणि दुकानाच्या मागच्या खोल्यांत चाचांचीच नातवंडं राहतात. मोटारी आल्या तर एसीतला वायू हवेत सोडून देतात. एअरबॅगमध्ये स्फोटक असतं, हे पोरांना कुणी सांगितलेलंच नाही. घाईत वायर पत्र्याबरोबरच गेली तर तांबं लोखंडात मिसळतं, आणि ते भट्टीतून वेगळं काढता येत नाही. असं पोलाद गरम लाटताना चिरतं. म्हणजे नीट न उकललेली गाडी आपल्याच इमारतीच्या सळीत त्रास देते. बॅटरीसाठी 2022 चे वेगळे नियम आहेत, टायरसाठी आहेत, वापरलेल्या तेलासाठी आहेत. चाचांच्या दुकानापर्यंत त्यांतला एकही पोचलेला नाही, कारण त्या नियमांच्या लेखी चाचा अस्तित्वातच नाहीत.

चाचांना बंद करा म्हणणारे लोक मेरठच्या सोतीगंजचं उदाहरण देतात. चोरीच्या गाड्या तोडण्याचा तो बाजार 2021 मध्ये पोलिसांनी बंद पाडला, ते योग्यच झालं. पण चोरीचा बाजार आणि वजनावर स्कूटर घेणारा गल्लीतला माणूस यांना एकाच दोरीने बांधलं, की दुसराही पहिल्याच्या रस्त्याला लागतो. परवाना मिळायची आशाच नसेल तर त्याने चेसीचा तुकडा कापून जपून का ठेवावा?

आता 2025 ची गोष्ट. पर्यावरण खात्याने 6 जानेवारी 2025 ला आयुर्मान संपलेल्या वाहनांचे नियम काढले आणि ते 1 एप्रिलपासून लागू झाले. मला यातली मूळ कल्पना पटते: गाडी ज्याने बनवून विकली, तिच्या शेवटाची जबाबदारीही त्याच्यावर. कंपनीने खासगी गाड्यांच्या बाबतीत वीस आणि व्यावसायिक गाड्यांच्या बाबतीत पंधरा वर्षांपूर्वी जेवढ्या गाड्या विकल्या, त्यांत वापरलेल्या पोलादापैकी काही हिस्सा भंगार केंद्रांमार्फत परत आलेला दाखवायचा. पहिली पाच वर्षं 8 टक्के, पुढची पाच 13, नंतर 18. केंद्र प्रमाणपत्र देणार, कंपनी ते विकत घेणार. म्हणजे भंगाराच्या धंद्यात कंपन्यांचा पैसा पहिल्यांदाच येणार आहे. तो येईल केंद्रापर्यंत. गाडी देणाऱ्या मालकापर्यंत किंवा ती गोळा करणाऱ्या चाचांपर्यंत त्यातलं किती झिरपेल, यावर नियम गप्प आहेत.

मालकावर मात्र नियम बोलतात. गाडी निकालात निघाल्यापासून 180 दिवसांत ती जमा करा. आणि निकालात निघालेली गाडी म्हणजे कोणती, तर जिची नोंदणी वैध राहिलेली नाही ती सुद्धा. हे वाक्य मी वकिलाच्या चष्म्यातून पुन्हा वाचलं. नोंदणी संपून सहा महिने उलटलेली प्रत्येक स्कूटर, प्रत्येक एम-80, गोठ्यातली, जिन्याखालची, तुळशीवृंदावनामागची, आणि तिचा मालक आज नियमाच्या दृष्टीने चुकार आहे. त्याला हे कोणी कळवलेलं नाही.

त्याच नियमात एक चांगली गोष्टही दडलेली आहे. गाडी भंगार केंद्रावर, संकलन केंद्रावर किंवा उत्पादकाने ठरवून दिलेल्या विक्री केंद्रावर जमा करता येते. विक्री केंद्र म्हणजे शोरूम! दुचाकीचं शोरूम तर आता प्रत्येक तालुक्याला, कित्येकदा बाजारपेठेच्या गावालाही आहे. एका अशिलाला घेऊन मी अशा एका शोरूममध्ये गेलो. मुलगा सौजन्याने बोलला. एक्सचेंजमध्ये द्या सर, नवीवर इतके कमी करून देतो. नवी नको, ही जमा करून पावती द्या, म्हटल्यावर तो आत मॅनेजरला विचारून आला. अशी काही स्कीम अजून आलेली नाही, सर.

एक्सचेंजमध्ये दिलेल्या जुन्या गाडीचं काय होतं, हेही सांगायला हवं. मालकाकडून 29-30 नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतात. गाडी दलालाकडे जाते. दलाल गिऱ्हाईक मिळेल तेव्हा नाव भरतो. कधी मिळत नाही, कधी गाडी सुटी करून विकली जाते. दफ्तरी मालक जुनाच. नवी गाडी घरी आणून पेढे वाटणाऱ्या माणसाला आपण सचिवांच्या रांगेत उभे आहोत याचा पत्ता नसतो.

जाता जाता आणखी एक. या 2025 च्या नियमांतून शेतीचे ट्रॅक्टर, ट्रेलर, पॉवर टिलर आणि मळणी-कापणीची यंत्रं वगळलेली आहेत. शेतकऱ्याला त्रास नको, हा हेतू मला समजतो. पण गळीत हंगामात रात्री आमच्या रस्त्यांवरून दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणारे, मागे दिवा नसलेले, ब्रेकचा भरवसा नसलेले सांगाडे ज्यांनी पाहिले आहेत, किंवा त्यांच्या मागे धडकून गेलेल्यांचे दावे ज्यांनी चालवले आहेत, ते या सवलतीला शेतकऱ्याचं हित म्हणणार नाहीत. त्या ट्रॉलीखाली सापडतो तोही बहुतेक वेळा शेतकऱ्याचाच पोरगा असतो.

याहून सोपी व्यवस्था होऊ शकते का? जपानने 2002 मध्ये कायदा केला आणि 2005 पासून तो चालवला. तेशिमा नावाच्या बेटावर गाड्या कुटून उरलेला कचरा वर्षानुवर्षं बेकायदा ओतला गेला होता आणि त्याचा बोभाटा झाला होता, हे त्यामागचं एक कारण. तिथे गाडी विकत घेतानाच तिच्या अंत्यविधीचे पैसे भरून ठेवायचे. एसीचा वायू, एअरबॅग आणि कुटल्यावर उरणारा चोथा, या तीन गोष्टींची विल्हेवाट त्या पैशातून होते. युरोपीय संघाचा 2000 सालचा कायदा म्हणतो की शेवटच्या मालकाला गाडी केंद्रावर देताना खर्च पडता कामा नये. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे: गाडी सोडून देणाऱ्याकडे त्या दिवशी काही मागायचं नाही. आपण नेमकं त्याच्याकडूनच भाडं, दाखले आणि हेलपाटे मागतो.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक दुचाकी कंपनीच्या तालुक्यातल्या शोरूमला जुनी गाडी जमा करून घेणं बंधनकारक करा, नवी घ्या न घ्या. जमा पावती निघाली त्या क्षणी मालकाची जबाबदारी संपली असं कायद्यात लिहा. तोडणं नंतर होईल तेव्हा होईल. पंधरा वर्षांहून जुन्या बोज्याला कोणी हरकत घेतली नाही तर तीस दिवसांत तो आपोआप उतरवा. मयत मालकाच्या दुचाकीसाठी घरातल्या कुणाचंही साधं स्वयंघोषणापत्र पुरे समजा. आणि चाचांसारख्यांना, तेल व बॅटरी वेगळी काढण्याची साधनं आणि चार दिवसांचं शिक्षण देऊन, संकलन केंद्र म्हणून नोंदवा. ते गाडी गोळा करतील, नंबर मोबाइलवर टाकतील, तुकडा कापतील, सांगाडा केंद्राला देतील. कंपनीच्या प्रमाणपत्राच्या पैशातला वाटा त्यांना मिळू द्या.

घाई का, तेही सांगतो. 2010-11 हे पहिलं आर्थिक वर्ष, ज्यात देशात वर्षाला एक कोटीहून जास्त दुचाकी विकल्या गेल्या. त्या दुचाकींची पंधरा वर्षं आता भरली आहेत. त्यानंतरचं प्रत्येक वर्ष कोटीच्या वरचंच आहे. आमच्या भागात 2019 च्या ऑगस्टच्या पुरात कृष्णाकाठच्या किती गाड्या चिखलात गेल्या आणि वजनावर विकल्या गेल्या, ते तेव्हा दारोदार फिरणारे टेम्पो ज्यांनी पाहिले त्यांना ठाऊक आहे. त्यांच्यातल्या किती नोंदी रद्द झाल्या असतील याचा अंदाज वाचकांनी स्वतःच्या घरापासून करावा.

नियम बदलेपर्यंत, ज्यांची गाडी अशीच भंगारात गेली आहे त्यांनी एवढं तरी करा. ऑनलाइन 'वाहन'वर आपल्या जुन्या नंबरची स्थिती बघा. अजून 'ॲक्टिव्ह' असेल तर कलम 55 चा उल्लेख करून, गाडी केव्हा आणि कुणाला दिली हे लिहून, आरसी जोडून आरटीओला अर्ज द्या. प्रत्यक्ष दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. पोस्टाने पाठवणार असाल तर रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती मागा. भंगारवाला ओळखीचा असेल तर त्याच्याकडून दोन ओळींची लेखी कबुली आणि सही घ्या. आरसी हरवली असेल तर पोलीस ठाण्यात तसं कळवून त्याची प्रत जोडा. अर्जावर लगेच काही होईल असं मी म्हणत नाही. पण उद्या समन्स आलंच, तर माझ्यासारख्याला कोर्टात दाखवायला एक कागद तरी असेल. सचिवांच्या वेळी तोही नव्हता.